दहा आज्ञा आणि पावकी-निमकी : मराठी मिशनशाळांतील पहिल्या इयत्तांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी मिशनशाळांविषयी जे लेखन झाले आहे, त्याचा बराचसा भाग धर्मांतर आणि त्याला झालेला विरोध या दोन विषयांनी व्यापलेला असून, त्या शाळांच्या अगदी खालच्या वर्गात बसलेले सहा-सात वर्षांचे मूल नेमके काय शिकत होते, या साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. मिशनऱ्यांचे अहवाल परदेशातील देणगीदारांसाठी लिहिले जात, त्यामुळे किती मुलांना दहा आज्ञा पाठ झाल्या हे त्यांत हौसेने सांगितलेले असते, पण त्याच मुलांनी पावकी-निमकी किती म्हटली याची नोंद करण्याचे प्रयोजन लेखकाला वाटत नसे. उलट बाजूने, या शाळांच्या विरोधकांना धर्माचा पाठ तेवढा दिसे आणि बाकीचा दिवस दिसत नसे. दोन्ही बाजूंच्या या कागदपत्रांतून प्रत्यक्ष वर्गाचे चित्र उभे करू गेल्यास असे आढळते की, लहान मुलांच्या शिक्षणात मिशनऱ्यांनी केलेला बदल पाठाच्या आशयात जितका होता त्याहून अधिक तो वर्गात कोणाला बसू दिले जाते आणि मुलाच्या हातात काय दिले जाते या दोन बाबतींत होता. शिकविण्याची रीत मात्र दीर्घकाळ जुन्या पंतोजींचीच राहिली.

या परंपरेचा पहिला टप्पा अर्थातच गोव्यातील आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे आणि मुलांना चर्चमध्ये गोळा करून त्यांच्याकडून धर्मतत्त्वे म्हणवून घेई, हे त्याच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविले आहे. त्याने वापरलेली धर्मतत्त्वांची पुस्तिका जुआंव द बारुश या पोर्तुगीज ग्रंथकाराने १५३९ मध्ये छापलेल्या बालपुस्तकावर आधारलेली होती. या प्रकारच्या पुस्तकाला पोर्तुगीजमध्ये ‘कार्तीन्य’ किंवा ‘कार्तील्य’ म्हणत. त्यात मुळाक्षरे आणि प्रार्थना एकाच वेष्टणात येत, म्हणजे वाचायला शिकणे आणि धर्म शिकणे ही एकच क्रिया मानली जाई. पुढे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणीत प्रश्नोत्तररूपाने रचलेली ‘दौत्रीना क्रिस्तां’ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापली गेली. स्टीफन्सचे नाव मराठी वाचकाला ‘ख्रिस्तपुराणा’मुळे परिचित असले, तरी लहान मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही छोटी प्रश्नोत्तरी त्या महाकाव्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत वाचन व प्रार्थना यांच्या बरोबरीने गायन व स्वरलेखन शिकविले जाई. पुढील काळात मुंबईतील वाद्यवृंदांत, आणि नंतर चित्रपटसंगीतात, गोवेकर वादकांचा जो मोठा भरणा दिसतो त्याचे मूळ या बालवर्गांत आहे.

ब्रिटिश मुलखातील कथा वेगळी आहे, कारण येथे धर्मसत्ता आणि राजसत्ता एका हातात नव्हत्या. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या प्रदेशात मिशनऱ्यांना मोकळीक देण्याचे दीर्घकाळ टाळले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठविण्याचा घाट घातला गेला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट करून दिल्यानंतरच त्यांचे बस्तान बसले. १८१५ पासून या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत शाळा काढण्यास प्रारंभ केला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी दक्षिण कोकणात आले आणि बाणकोट व हर्णै येथे त्यांनी मराठी शाळा उघडल्या. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मिशनने अहमदनगरला ठाणे केले, आणि पुढील शतकभर मराठी प्रोटेस्टंट शिक्षणाचे ते एक मुख्य केंद्र राहिले.

मिशनऱ्यांना येथे शाळा नसलेला मुलूख मिळाला नव्हता, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. गावोगावी पंतोजींच्या खाजगी शाळा होत्या. एखाद्याच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत मुले बसत. फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीने अक्षर गिरवीत, आणि या फळीला धूळपाटी म्हणत. प्रारंभ गणेशाला नमन करून होई. नंतर मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, अंक, पाढे आणि पाढ्यांच्या पुढे अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अशी चढण असे. ज्या व्यवहारात पैसा, पायली आणि शेर यांचे भाग पाडल्याशिवाय सौदा होत नसे, त्यात या पाढ्यांची उपयुक्तता कोणाला पटवून देण्याची गरज नव्हती. संध्याकाळी सर्व मुले एका सुरात शिकलेले म्हणून दाखवीत. यालाच परवचा म्हणत. लेखनासाठी मोडी लिपी शिकविली जाई, कारण दप्तरे आणि पत्रे मोडीत असत. या शाळांत छापील पुस्तक मुळीच नव्हते. मुली नव्हत्या, आणि ज्या जातींना अस्पृश्य मानले जाई त्यांची मुलेही नव्हती.

मिशनऱ्यांनी ही यंत्रणा मोडली नाही, तर भाड्याने घेतली. आरंभीच्या काळात ख्रिस्ती शिक्षक उपलब्धच नसल्यामुळे त्यांनी पंतोजींनाच पगार देऊन नेमले, आणि पुष्कळदा हा पगार हजर मुलांच्या संख्येवर किंवा त्यांच्या पाठांतरावर ठरविला जाई. परिणामी असे विलक्षण दृश्य निर्माण झाले की, स्वतः नित्य देवपूजा करणारा ब्राह्मण पंतोजी मुलांकडून मूर्तिपूजेचा निषेध करणारी आज्ञा घोकून घेई, आणि मिशनरी साहेब परीक्षेला येण्याच्या दिवशी ती बिनचूक म्हटली जावी याची काळजी वाही. यात ढोंग होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु पंतोजीच्या दृष्टीने पाठांतर ही एक कसरत होती, तिचा आशयाशी संबंध असलाच पाहिजे असे त्याच्या परंपरेने त्याला शिकविलेले नव्हते. पालकही याच दृष्टीने पाहत. मुलाला लिहिता-वाचता यावे आणि हिशेब करता यावा एवढीच त्यांची अपेक्षा असे, आणि त्या बदल्यात दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना पाठ झाली तर ती किंमत त्यांना फारशी जड वाटत नसे.

ज्याला प्रश्नोत्तरी म्हटले जाई, तो या वर्गातील धर्मपाठाचा मुख्य प्रकार होता. तुला कोणी उत्पन्न केले, देव किती आहेत, पाप म्हणजे काय, अशा स्वरूपाचे प्रश्न आणि त्यांची ठरीव उत्तरे मुलाने शब्दशः पाठ करावयाची असत. मिशनऱ्यांची कल्पना अशी की, प्रश्नोत्तर हा संवाद असून त्यातून बुद्धीला चालना मिळेल. प्रत्यक्षात ती परवच्यातच मिसळून गेली: बारा-तेराचे पाढे जसे म्हणायचे तशी देवाची लक्षणेही म्हणायची. मुलांना पाठ येते पण अर्थ कळत नाही, ही तक्रार मिशनऱ्यांनी पुन्हा पुन्हा केली आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या देशांतील बालवर्गांतही त्या काळी धर्मप्रश्नोत्तरी अशाच रीतीने पाठ करून घेतली जाई, हे या तक्रारींत सहसा येत नाही. पाठांतराच्या या सवयीचा दोष एकट्या पंतोजीच्या माथी मारणे म्हणून न्याय्य होणार नाही.

मुंबई आणि कोकणातील या शाळांत बेने इस्राएल मुलांचे प्रमाण लक्षणीय होते. कोकणात शतकानुशतके राहिलेला आणि मराठी बोलणारा हा यहुदी समाज. त्याच्यातील काही जण मिशनशाळांत शिक्षक म्हणूनही काम करीत. अब्राहाम, मोशे आणि दहा आज्ञा या वर्गातील इतर मुलांना परक्या वाटत असतील, पण बेने इस्राएल मुलाला तो आपल्याच पूर्वजांचा वृत्तांत होता, आणि आता तो प्रथमच त्याच्या घरच्या भाषेत, छापील अक्षरांत त्याच्यासमोर येत होता. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. या समाजाने ख्रिस्ती धर्म जवळजवळ स्वीकारलाच नाही. उलट मिशनशाळांतून मिळालेल्या वाचनाच्या व धर्मग्रंथाच्या ओळखीने त्याची यहुदी म्हणून असलेली जाणीव अधिक पक्की झाली. शिक्षण देणाऱ्याचा हेतू आणि शिक्षण घेणाऱ्याची प्राप्ती यांत किती अंतर पडू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी प्रदेशाच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

छापील पुस्तकाचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मिशनचा छापखाना मुंबईत १८१७ मध्ये मराठी छपाई करू लागला, आणि नव्या कराराचे संपूर्ण मराठी भाषांतर १८२६ मध्ये तयार झाले. हे साहित्य मुख्यतः बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपीत छापले जात असल्यामुळे मिशनशाळेत बाळबोध वाचन हे प्रथम शिकण्याचे कौशल्य ठरले. पंतोजीच्या शाळेत मूल हाताने लिहिलेले मोडी अक्षर लावायला शिके. मिशनशाळेत ते छापील ओळ वाचायला शिकले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला वाचण्यासाठी धर्मपुस्तिका होत्या, हे खरे. पण ज्याला छापील बाळबोध वाचता येते त्याला छापील असे काहीही वाचता येते. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके निघाली. ती सरकारी आश्रयाने चाललेल्या शाळापुस्तक मंडळीच्या प्रयत्नांतून आली होती, मिशनच्या नव्हे. तरीही धर्मकथा आणि नीतिकथा यांचा वाचक एकच होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी पुढे स्वतंत्र छापखाने काढून पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ छापले, हा या व्यवसायाच्या इतिहासातील एक गमतीचा अध्याय आहे.

मुलींच्या शाळांनी या शिक्षणाचे स्वरूप सर्वांत अधिक बदलले. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी शाळा उघडली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फेरार या अविवाहित शिक्षिका मुंबईत आल्या आणि त्यांनी या शाळांची व्यवस्था हाती घेतली. १८३९ मध्ये त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही १८२९ नंतर मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या. वाचन, थोडे लेखन व अंकगणित, प्रश्नोत्तरी, आणि शिवणकाम व विणकाम असा येथील क्रम असे. शिवणकामाला एवढे स्थान मिळण्यामागे युरोपीय मध्यमवर्गाची स्त्रीविषयक कल्पना होतीच, परंतु मुलीला वाचून काय करायचे आहे असा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना दाखविण्याजोगे काहीतरी हाती असावे, ही व्यावहारिक गरजही होती. मुली फार लहान वयात शाळेत येत आणि लग्न ठरताच जात. म्हणून मुलींच्या शाळेत वरचे वर्ग जवळजवळ नसतच, ती बव्हंशी पहिल्या इयत्तांचीच शाळा असे. जोतीराव फुले यांनी अहमदनगरला फेरार यांची शाळा पाहिली आणि तिच्यापासून आपल्याला प्रेरणा मिळाली असे सांगितले; स्वतः फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेत मिशनशाळेतील वर्गरचना दिसते, बायबलचा पाठ दिसत नाही. आशय आणि रचना वेगळे करता येतात, हे त्यांनी मिशनऱ्यांपेक्षा लवकर ओळखले होते.

मिशनरी मात्र आपल्या शाळांचे मोजमाप दीर्घकाळ बाप्तिस्म्यांच्या संख्येने करीत राहिले, आणि त्या मापाने प्राथमिक शाळा सतत तोट्यात दिसत. धर्मांतराची काही मोजकी प्रकरणे घडली ती वरच्या वर्गांत, पण त्यांचा फटका खालच्या वर्गांना बसला. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांच्या धर्मांतराने मुंबईत मोठी खळबळ उडाली आणि पालकांनी मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद सुमारे बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. नंतर त्याला जातीत परत घेण्याच्या प्रश्नावरून जो वाद झाला, त्यात बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. एवढ्या वयाच्या मुलाची श्रद्धा ही त्याची स्वतःची मानावी काय, हा प्रश्न या निमित्ताने मराठी समाजापुढे कायद्याच्या भाषेत आला. प्रश्नोत्तरी पाठ करून घेणाऱ्या शाळेने तो स्वतःला कधी विचारला नव्हता.

पैशाच्या बाजूनेही या शाळा कच्च्या होत्या. १८३७ मध्ये अमेरिकेत आलेल्या आर्थिक संकटामुळे मिशनच्या बोस्टन येथील मंडळीने पाठवावयाची रक्कम कमी केली आणि अनेक शाळा बंद कराव्या लागल्या. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने, जो वुडचा खलिता म्हणून ओळखला जातो, सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील पण खाजगी शाळांना त्यांच्या ऐहिक विषयांतील कामगिरीवर अनुदान मिळेल, असे ठरविले. याचा सूक्ष्म परिणाम असा झाला की, मिशनशाळेचा दिवस दोन भागांत विभागला गेला: तपासनीस ज्याची परीक्षा घेतो तो अभ्यास, आणि ज्याची घेत नाही तो शास्त्रपाठ. त्याच सुमारास, १८५४–५५ मध्ये, अमेरिकन मंडळीचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी हिंदुस्थानचा दौरा केला आणि इंग्रजी शाळांवरील खर्च कमी करून मराठीतील शिक्षण व गावातील मंडळ्या यांवर भर द्यावा असा आग्रह धरला. अहमदनगर भागात मिशनचे लक्ष यानंतर खेड्यांकडे वळले.

खेड्यांतील या शाळा महारवाड्यात आणि मांगवाड्यात भरत. बिगारी, म्हणजे अगदी प्रारंभीचा वर्ग, आणि त्यापुढील एक-दोन इयत्ता एवढाच त्यांचा पसारा असे. एकच मास्तर सर्वांना शिकवी, रविवारी त्याच खोलीत उपासना चालवी, आणि बहुधा तो स्वतः याच जातींतून आलेला असे. गावच्या सरकारी शाळेत या मुलांना प्रवेश मिळणे किती कठीण होते, हे १८५६ मध्ये धारवाड येथे दिसून आले: एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला असता, एका मुलासाठी शाळा इतर सर्वांना निरुपयोगी होईल या कारणाने मुंबई सरकारने तो नाकारला. त्याआधी तीन दशके मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी आपल्या शिक्षणविषयक टिपणात मिशनऱ्यांना खालच्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी असल्याचे आढळते असे नमूद करून, त्यांना विशेष उत्तेजन दिल्यास शिक्षण इतरांत पसरणारच नाही, असा इशारा दिला होता. या पार्श्वभूमीवर महारवाड्यातील एक खोलीची शाळा, तिची सारी धर्मप्रचारक चौकट मान्य करूनही, त्या मुलांच्या दृष्टीने बहुतेक वेळा जवळपासची एकमेव शाळा होती. मात्र तिने मुलांना वेगळ्या वस्तीतच ठेवले आणि सवर्ण मुलांशेजारी बसविण्याचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी टाळला, हेही नोंदविले पाहिजे.

शतकाच्या उत्तरार्धात बालवर्गातील धर्मशिक्षणाचा सूर पालटला. प्रश्नोत्तरीची सद्दी ओसरू लागली आणि तिच्या जागी गोष्ट, चित्र व गाणे आले. अमेरिकन मिशनचे हेन्री बॅलंटाइन यांनी अहमदनगरला मराठी उपासनागीते रचली होती. पुढे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर गीते बांधली आणि कीर्तनाचा प्रकारही ख्रिस्ती मंडळ्यांनी उचलला. परक्या चालीत अडखळणारी मुले ओळखीच्या चालीत सहज गात, हा साधा अनुभव यामागे होता. १८७२ मध्ये मुंबईहून ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे सचित्र मासिक निघू लागले. त्यात धर्मकथांबरोबर प्राणी, देश आणि शोध यांची माहितीही येई. रविवारी भरणाऱ्या वर्गाला मराठी ख्रिस्ती लोक शब्बाथ शाळा म्हणत, आणि तेथे दर आठवड्याला एकच छोटे वचन पाठ करावयाचे असे. सबंध प्रश्नोत्तरी घोकण्यापेक्षा लहान मुलाला हे पुष्कळच पेलण्याजोगे होते.

यानंतरचा मोठा बदल दुष्काळाने घडविला. १८७६–७७ आणि विशेषतः १८९९–१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले अहमदनगर, सोलापूर, शिरूर, केडगाव येथील मिशनसंस्थांत आली. शेजारच्या घरातून येऊन दुपारी परत जाणारे मूल आणि रात्रंदिवस संस्थेतच राहणारे मूल यांचे शिक्षण एकसारखे असू शकत नाही; बोर्डिंगच्या मुलासाठी झोपणे, जेवणे, काम करणे आणि प्रार्थना करणे हे सर्वच अभ्यासक्रम झाले, आणि सुतारकाम, विणकाम, शेतकाम यांना पाढ्यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हा प्रश्नच उरला नव्हता, आणि म्हणून त्यांच्यावर धर्माचा प्रभाव सर्वांत खोल पडला. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे खेळ, हस्तकौशल्य आणि वस्तू हाताळणे यांतून शिकविण्याच्या पद्धतीचा, अभ्यास केला आणि ती आपल्या संस्थांत आणली. पंतोजींच्या रीतीला खऱ्या अर्थाने छेद देणारी ही पद्धत होती, आणि ती आणणारी व्यक्ती संस्कृत पाठांतराच्या कठोर परंपरेत वाढलेली होती.

स्वातंत्र्यानंतर भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येणार नाही असा नियम घातला. अनेक ख्रिस्ती शाळांनी यावर काढलेला तोडगा आजही चालू आहे: धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुले एका खोलीत जातात आणि बाकीची मुले दुसऱ्या खोलीत नीतिशिक्षणाचे पुस्तक उघडतात, तास संपला की दोन्ही गट गणितासाठी पुन्हा एका वर्गात येतात.